मिस्त्रीचं बॉडी बटर

मिस्त्रीला आयुष्यात दोनच गोष्टी धड जमल्या, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. एक म्हणजे भिंत गुळगुळीत करणं आणि दुसरी गप्प बसणं. हे ऐकूनही मिस्त्री गप्पच बसायचा, त्यामुळे तिचं म्हणणं आपोआप खरं ठरायचं.

चाळीस वर्षं त्याने भिंतींना गिलावा केला. विटा दुसऱ्याने रचायच्या, रंग तिसऱ्याने द्यायचा आणि मधला बोटभर जाडीचा थर मिस्त्रीचा. रंग चढला की तो कुणाला दिसत नाही. भिंत चांगली झाली तर लोक रंगाऱ्याचं कौतुक करतात, तडा गेला की मिस्त्रीला बोलावतात. याचं त्याला वाईट वाटत असेलही, पण तो कधी बोलला नाही. उजवा खांदा मात्र बोलायला लागला होता. साठी उलटल्यावर हात डोक्याच्या वर गेला की आतून कुरकुर यायची. म्हणून छताची कामं त्याने सोडली होती, भिंतींची चालू होती.

बायको बसमध्ये कंडक्टर होती. अठ्ठावीस वर्षं हलत्या गाडीत उभी राहिलेली बाई. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून सुटे काढायचा. गल्लीत तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. निवृत्त होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच तिची मूत्रपिंडंही निवृत्त झाली. हा विनोद तिचाच.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्याचे. सकाळी सातला निघायचं, चार तास खुर्चीत पडून राहायचं, डाव्या हातात दोन जाड सुया, रक्त मशीनमधून फिरून परत अंगात. घरी येईपर्यंत एक वाजायचा आणि उरलेला दिवस तिच्यात काही जीव नसायचा. पाणी दिवसाला एक लिटर, तेही मोजून. मिस्त्रीने स्वयंपाक शिकून घेतला, कपडे धुणं शिकून घेतलं, गोळ्यांचे डबे भरणं शिकून घेतलं. मंगळवारी आणि गुरुवारी कुठे छोटं काम मिळालं तर करायचं. मुलगी एकच, दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला. ती रोज फोन करायची आणि रोज विचारायची, "सगळं ठीक ना?" दोघंही ठीक म्हणायचे. दमलो हा शब्द काढायचा नाही असं घरात काही ठरलं नव्हतं, पण तो आधी कुणी काढायचा हा प्रश्न होता.

दुसऱ्या वर्षी खाज सुरू झाली.

पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज. पाठीला, पोटऱ्यांना, खांद्यांच्या मागे. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं. रक्तातली घाण पूर्ण निघत नाही आणि कातडी वाळून जाते. गोळ्या दिल्या. कंडक्टरबाई आधी नखांनी खाजवायची, मग कंगव्याने, मग मिस्त्रीच्या पिशवीतल्या लाकडी पट्टीने. सकाळी चादर झटकली की कोंडा उडायचा. "पोपडे निघतायत माझे," ती म्हणायची. "एकदा खरवडून नवा गिलावा करा."

बाजारची मलमं आणून झाली. एक झोंबायचं. एकाला गुलाबाचा इतका वास, की तिला उलटी झाली. तिसरं पाण्यासारखं, लावून पाच मिनिटांत गायब. शेवटी दवाखान्यातली सिस्टर एका शुक्रवारी मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, माझी बहीण घरीच बनवते. बॉडी बटर. फेटलेल्या लोण्यासारखं असतं. त्यात पाणी नाही, वास नाही. करून बघा." आणि तिने औषधाच्या रिकाम्या खोक्यावर लिहून दिलं: शिया बटर दोन वाट्या, खोबरेल एक वाटी, बदामाचं तेल एक वाटी. वितळवा, गार करा, फेटा.

"एवढंच?" मिस्त्री म्हणाला.

"एवढंच. पण पोत जमायला पाहिजे. तिचं तीनदा बिघडलं होतं."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "लावा की. सुया टोचतो त्या हाताला नको आणि खाजवून जिथे रक्त आलंय तिथे नको. आणि काका, याने खाज जाईल असं समजू नका. कातडी जरा नरम राहील. तेवढंच."

तेवढंच तर तेवढंच. मिस्त्री साबणाचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात गेला आणि शिया बटरचा गोळा घेऊन आला. पिवळट, घट्ट, किंचित धुरकट वासाचा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर दुसरं भांडं ठेवलं आणि त्यात गोळा सोडला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "काय शिजतंय?"

"लोणी."

"मला चालतं का?"

"खायचं नाहीये."

"मग काय उपयोग!"

सगळं वितळून तेलासारखं झाल्यावर मिस्त्रीने तारेचा फेटणा घेतला आणि फेटायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. तेलाचं तेलच राहिलं. वर थोडे बुडबुडे यायचे आणि फुटून जायचे. खांदा ठणकायला लागला तेव्हा त्याने भांड्यावर झाकण ठेवलं आणि जाऊन आडवा झाला.

सकाळी भांड्यातलं सगळं गोठलं होतं. वरून तर छान दिसत होतं. मिस्त्रीने चमचाभर काढून बायकोच्या तळहातावर ठेवलं. तिने अंगठ्याने चोळलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, यात वाळू किती घातलीत? एकास चार?"

मिस्त्रीनेही चोळून पाहिलं. खरंच कण लागत होते, रव्यासारखे. चोळत राहिलं की विरघळायचे, पण विरघळेपर्यंत टोचायचे. जिथे कपड्याची शिवणसुद्धा सोसत नव्हती, तिथे हे कसं लावणार? त्याने ते पुन्हा वितळवलं, पुन्हा गार व्हायला ठेवलं. पुन्हा रवा. तिसऱ्या खेपेला त्याने वितळलेलं तेल फडक्यातून गाळून घेतलं, म्हणजे कचरा असेल तर निघून जाईल. फडक्यात काही राहिलं नाही आणि सकाळी रवा होताच. "चाळणीने चाळायचंच राहिलंय," कंडक्टरबाई म्हणाली.

दोन घरं सोडून एक केकवाली राहायची. पोरांच्या वाढदिवसांचे केक घरीच करून द्यायची. तिच्याकडे फेटायचं विजेचं मशीन होतं. मिस्त्री ते मागायला गेला आणि दारात उभ्या उभ्याच त्याने काय काय झालं ते सांगितलं. त्याच्या मानाने ते फार मोठं भाषण होतं.

केकवालीने हात पुसत ऐकून घेतलं. "काका, तुम्ही गरम तेल फेटताय. त्यात हवा थांबेल कशी? आधी ते गोठायला लागलं पाहिजे. आणि हळूहळू गार झालं की कण धरतात, चॉकलेटचंही असंच होतं. सगळं नीट वितळू द्या, मग भांडं बर्फात ठेवा आणि ढवळत राहा. कडेने पांढरं झालं की मधे बोट दाबून बघा. खळी पडली आणि तशीच राहिली, की मशीन लावायचं. त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही."

मिस्त्रीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. हे तर त्याचंच शास्त्र होतं. ताज्या गिलाव्यावर शेवटचा हात कधी फिरवायचा, हे घड्याळ सांगत नाही. अंगठा दाबायचा. अंगठा बुडाला तर थांबायचं; नुसती खूणही उठली नाही तर उशीर झाला, आता ठोकत बसा. चाळीस वर्षं जो अंगठा भिंतीवर दाबला तो भांड्यात दाबायचं आपल्याला कसं सुचलं नाही, याचीच त्याला लाज वाटली.

"मशीन न्या," केकवाली म्हणाली. "माझ्याकडे दुसरं आहे, सवडीने द्या परत. फक्त माझी मागची भिंत एकदा बघाल का? ओल येऊन सगळी फुगलीय."

"करून देतो," मिस्त्री म्हणाला.

त्या मंगळवारी त्याने परातीत बर्फ ओतला, त्यात भांडं बसवलं आणि ढवळायला लागला. कंडक्टरबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली. तिची नजर भांड्यावर नव्हती, परातीवर होती.

"एक घेऊ?"

"आज पाणी किती झालं?"

"तीन पेले."

"मग अर्धा घे."

"बर्फाचा अर्धा तुकडा कसा करतात हो, मिस्त्री?"

मिस्त्रीने एक तुकडा फडक्यात धरला, लाटण्याने ठोकला आणि त्यातला मोठा भाग तिला दिला. तिने तो गालात धरला आणि डोळे मिटले. कडेने पांढरं व्हायला लागलं होतं. मिस्त्रीने बोट दाबलं. खळी भरून आली. थांबला. पुन्हा दाबलं. खळी राहिली.

मशीन सुरू केलं तसं पिवळट तेल आधी दाट झालं, मग फिकट, मग पांढरं, आणि बघता बघता भांड्यात दुप्पट झालं. मशीन वर उचललं तर लोण्याचं टोक उभं राहिलं. कंडक्टरबाईने बोटभर उचललं आणि पोटरीला लावलं. कण नाही, काही नाही. कातडीवर ठेवताच ते विरघळून गेलं.

"हं," ती म्हणाली.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण हा "हं" मिस्त्रीने मोजून पाच-सहा वेळा ऐकला असेल.

पण काम एका हातात पुरं होत नाही. ते लोणी बाटलीत भरून शुक्रवारी सिस्टरला दाखवायला पिशवीतून नेलं आणि परतताना पिशवी स्टॉपवर उन्हात राहिली. लोण्याचं तेल झालं, तेल झाकणातून निघालं आणि रिपोर्टांच्या फायलीत शिरलं. दोन वर्षांचे कागद पारदर्शक होऊन बसले. सोमवारी काउंटरवरच्या कारकुनाने फाइल दोन बोटांत धरली आणि विचारलं, "हे काय आहे?" कंडक्टरबाई म्हणाली, "फोडणीला घातली होती." कारकून हसला नाही, पण मागच्या रांगेतली माणसं हसली आणि ती त्या दिवशी खुर्चीत जरा ताठ बसली.

मग उन्हाने वितळू नये म्हणून मिस्त्रीने त्यात कोको बटर घातलं. पहिल्यांदा इतकं जास्त झालं, की मेणबत्तीसारखं खरवडून काढावं लागलं. दुसऱ्यांदा चमचाभर कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. अंग चिकट होतं, कपड्यांना लागतं अशी तक्रार आली, म्हणून फेटताना शेवटी चमचाभर आरारूट चाळून घातलं. एकदा धुतलेल्या बाटलीत पाण्याचा थेंब राहिला होता. काही दिवसांत तिथे हिरवा ठिपका आला आणि आख्खी बाटली फेकून द्यावी लागली. त्यानंतर बाटल्या उन्हात पालथ्या घालून, वाळवून, पुन्हा फडक्याने पुसून मगच तो भरायला लागला. दवाखाना, स्वयंपाक, कपडे, गोळ्या, आणि मधे हे. या सगळ्यात दोन महिने गेले. कधी कधी मशीन चालू असताना त्याला उभ्याउभ्या डुलकी लागायची आणि मशीनचा आवाज बदलला की जाग यायची.

उजवा हात, पाय, पोट यांना कंडक्टरबाई स्वतःच लावून घ्यायची. पाठीला तिचा हात पोचत नव्हता, आणि मिस्त्री विचारायला गेला की ती म्हणायची, "राहू दे पाठ." खरं तर सगळ्यात जास्त खाज पाठीलाच होती. पण पाठीची काय दशा झालीय हे तिला माहीत होतं आणि ती कुणी बघू नये असं तिला वाटत होतं. छत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यानेसुद्धा.

केकवालीची भिंत दिलेल्या शब्दाप्रमाणे मिस्त्रीने करून दिली. जुना थर खरवडला, नवा चढवला. मंगळवार, गुरुवार, पुन्हा मंगळवार, गुरुवार. हातमोजे त्याने जन्मात घातले नव्हते. सिमेंटने तळहात असे उलले की चहाचा कप धरला तरी रेघा दुखायच्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. हात असेच असतात, असं तो समजून होता.

त्याच आठवड्यात लोणी अगदी मनासारखं जमलं. उन्हात सांडणारं नाही, खरवडावं लागणारं नाही. रविवारी कंडक्टरबाई अंघोळ करून आली, अंग टिपून पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लावा पाठीला. पण काही बोलू नका."

न बोलणं मिस्त्रीला अवघड नव्हतं. त्याने पाठ बघितली. खाजवून खाजवून काळ्या पडलेल्या रेघा, मधे मधे सुकलेल्या खपल्या. बोटांनी लोणी घेतलं, तळहातांवर पसरलं, खपल्या सोडून खांद्यापाशी हात ठेवला आणि खाली ओढला.

ती किंचाळली.

"अहो, काढा! काढा हात!"

"झोंबलं?"

"लोणी नाही झोंबत. लोणी चांगलं आहे." तिने अंगाभोवती टॉवेल ओढून घेतला. "हात वाळूचे आहेत तुमचे. पॉलिश पेपर फिरवल्यासारखं वाटतंय."

मिस्त्री हात तसेच वर धरून उभा राहिला. आणि मग कंडक्टरबाई रडायला लागली. सुया टोचल्या तेव्हा रडली नव्हती, मूत्रपिंडं गेली असं सांगितलं तेव्हाही रडली नव्हती. आता मात्र ती हुंदके देत होती.

"बस झालं मला," ती म्हणाली. "परवा तुमचे पाय सुजलेले बघितले मी. माझ्यासाठी तुम्ही मरायला टेकलात आणि मी काही बरी होणार नाहीये. उद्याचं जाऊन येते, बुधवारपासून मी जाणार नाही. कंटाळले मी. दमले."

अखेर शब्द काढला तिनेच.

मिस्त्री पलंगाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मीही दमलोय."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बुधवारचं बुधवारी बघू," तो म्हणाला. "हातांचं मी बघतो."

सोमवारी ती म्हटल्याप्रमाणे गेली. बुधवारी सकाळी मिस्त्रीने चहा केला, कपडे काढून ठेवले आणि खुर्चीवर बसून राहिला. चल म्हणाला नाही. साडेसहाला ती बाहेर आली ती चपला घालूनच. "घरी बसून तरी काय करणार," ती म्हणाली. "खाजवतच बसणार."

त्या दिवसापासून मिस्त्रीने हात मऊ करायचं काम अंगावर घेतलं. कोमट पाण्यात हात बुडवायचे, टाचा घासायच्या वजरीने तळहात घासायचे, टिपायचे आणि स्वतःच केलेलं लोणी चोळायचं. दिवसातून तीनदा. दुपारी तर हातांवर सुती पायमोजे चढवून तो तास-दीड तास बसायचा. कंडक्टरबाई म्हणायची, "बॉक्सिंगला निघालात का?"

एका गुरुवारी ठेकेदाराचा फोन आला. शाळेच्या चार खोल्या होत्या, वीस दिवसांचं काम, तेही सावलीतलं.

"जमणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"का? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. हात मऊ करतोय."

"काय करताय?"

"मऊ. हात मऊ करतोय."

"आवाज कट होतोय मिस्त्री, नंतर करतो," ठेकेदार म्हणाला आणि नंतर त्याने केला नाही.

फोन ठेवल्यावर मिस्त्रीला वाटलं होतं, आता वाईट वाटेल. अठराव्या वर्षापासून त्याने कामाला नाही म्हटलं नव्हतं; ताप असताना नाही, बाप गेला त्या आठवड्यातही नाही. तो वाट बघत बसला. वाईट वाटायच्या ऐवजी जांभई आली. एवढा दमलेला असताना माणसाला वाईट वाटायलाही ताकद लागते, असं त्याच्या ध्यानात आलं. थापी, रंधा, ओळंबा, सगळं पुसून पोत्यात बांधून त्याने माळ्यावर टाकलं.

हातांची तपासणी कंडक्टरबाई करायची. तिच्याकडे जुना रेशमी रुमाल होता. दर रविवारी ती तो पलंगावर पसरायची आणि मिस्त्रीने त्यावरून तळहात फिरवायचा. धागा अडकला की नापास.

"नाही," ती म्हणायची. "पुढच्या स्टॉपला."

पुढच्या रविवारी पुन्हा, "पुढच्या स्टॉपला."

सातव्या रविवारी रुमालावरून हात सरळ गेला. तिने स्वतः त्याचा हात धरून उलटा करून पाहिला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, रेघांवरून नख फिरवलं. मग भिंतीकडे तोंड करून बसली.

मिस्त्रीने लोणी घेतलं, दोन्ही तळहातांत वितळू दिलं आणि अगदी हलक्याने खांद्यावर ठेवलं. ती जरा आखडली, मग सैल झाली. तो वरून खाली येत गेला, खपल्या टाळत, जिथे कातडी जास्त वाळलेली तिथे थोडं थांबून. घाई केली नाही. वीस मिनिटं लागली. तिच्या मानेचा ताण हळूहळू गेलेला त्याला हाताखाली कळला.

मग हे रोजचंच झालं. अंघोळ, टिपणं, पाठ. ती भिंतीकडे तोंड करून बोलायची: कुठल्या मार्गावर कुठला ड्रायव्हर कसा चालवायचा, कोण सासू सुनेचं तिकीट काढायची नाही, कोण नवरा-बायको भांडून वेगवेगळ्या बाकांवर बसायचे आणि उतरताना एकमेकांची पिशवी धरायचे. मिस्त्री ऐकायचा. समोर तोंड नसलं की बोलणं सोपं जातं की काय कोण जाणे, पण एके दिवशी तो म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ती वळायला लागली तसं त्याने तिला खांद्याला धरून परत सरळ केलं. "चौथ्या मजल्याच्या परांचीवर चढलो की पाय कापायचे. रोज. खाली बघायचोच नाही. भिंतीला नाक लावून काम करायचो. लोक म्हणायचे, मिस्त्री किती बारीक काम करतो."

"चाळीस वर्षं?"

"हं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चढता आलं नसतं."

कंडक्टरबाईने समोरच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "डावीकडे. खाली. तिथे राहिलंय."

खाज गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. त्यांनी खाण्यातल्या काही गोष्टी बंद केल्या, एक गोळी बदलली, आणि त्याने थोडा फरक पडला, लोण्याने थोडा पडला. पट्टीने खाजवणं थांबलं. खपल्या पडून गेल्या आणि नव्या धरल्या नाहीत. दुपारी तिला सलग दोन तास झोप लागायला लागली. शेजारच्या खुर्चीवर येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं म्हणून मिस्त्रीने त्यांना, डॉक्टरांना सांगूनच, एक बाटली दिली. मास्तर म्हणाले, माझी मुलगी करेल, कृती सांगा. मिस्त्रीने खोक्यावरचं सगळं सांगितलं, मग बर्फ, मग खळी, मग आरारूट, मग कोरडी बाटली. मास्तरांनी लिहून घेतलं. शेवटी मिस्त्री म्हणाला, "आणि लावणाऱ्याचे हात बघा." ते मास्तरांना कळलं नाही, पण त्यांनी तेही लिहून घेतलं.

पुढे पावणेदोन वर्षं असंच चाललं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. फार चांगलं नाही, फार वाईट नाही. एकदा कंडक्टरबाईच्या छातीत पाणी झालं आणि नऊ दिवस तिला दवाखान्यातच ठेवलं. घरी आली तेव्हा ती निम्मी झाली होती आणि मिस्त्रीही. त्याच महिन्यात मुलीने आठ दिवसांची रजा काढली.

ती सकाळी आली, बॅग ठेवली, आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. यावेळी तिने सगळं ठीक ना असं विचारलं नाही. केस बांधले आणि म्हणाली, "बाबा, आज काय काय करायचंय ते मला सांगा आणि तुम्ही बसा."

"बाटली संपलीय," मिस्त्री म्हणाला. "लोणी करायचंय. पण तुला पोत..."

"मी सांगते तिला," कंडक्टरबाई म्हणाली आणि भिंतीला धरत स्टुलावर जाऊन बसली.

मिस्त्री बाहेरच्या खोलीत आला. पायातले मोजे काढायला म्हणून खुर्चीवर टेकला. आतून बर्फ परातीत पडल्याचा आवाज आला, मग मुलीचा, "आता लावू मशीन?"

"अजून नाही. बोट दाब. भरून आली ना खळी? मग थांब."

"आता?"

"थांब म्हटलं ना. ... हं. आता."

मशीन घरघरायला लागलं. एक मोजा काढलेला, एक पायातच, असा मिस्त्री खुर्चीत झोपून गेला.

"आई, बाबांना उठवू का? तुझी पाठ राहिलीय ना?"

"झोपू दे त्यांना," कंडक्टरबाई म्हणाली. "चष्म्याच्या काचा पुसून पुसून तुझे हात तसेही मऊ असतील. दाखव बघू."

मिस्त्रीला जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोलीत दिवा लागला होता आणि कुणीतरी त्याच्या पायांवर चादर टाकली होती. काय काय राहिलंय ते तो सवयीने आठवू लागला. गोळ्यांचा डबा भरलेला होता. कपडे घडी घालून ठेवलेले होते. ओट्यावर तीन बाटल्या झाकणं लावून उभ्या होत्या. आतल्या खोलीत मायलेकी हळू आवाजात कशावरून तरी हसत होत्या. त्याने दुसरा मोजा काढला आणि तो तसाच थोडा वेळ बसून राहिला.